उरलेल्या मालाचं बिल कोणाच्या नावावर?

भोसरीतल्या माझ्या शेडमध्ये, पॉवर प्रेसच्या मागे, दोन निळी प्लास्टिकची पिंपं उभी आहेत. दोन्हींत मिळून साडेसहा हजार ब्रॅकेट आहेत. तीन मिलिमीटर पत्रा, दोन भोकं, एक काटकोनी बाक, वर झिंक प्लेटिंग. अजून चकाकतात. मापात एकही नग चुकलेला नाही. फक्त दोनपैकी एक भोक आहे तिथून चार मिलिमीटर डावीकडे हवं होतं, असं गाडी बनवणाऱ्या कंपनीला एका मंगळवारी वाटलं. बुधवारी सकाळी पर्चेसमधल्या मुलाचा फोन आला. "काका, नवीन रेव्हिजन आलंय. आजपासून जुना माल गेटवर घेणार नाहीत." मी म्हटलं, "अरे, पण तुमच्याच शेड्यूलवर बनवलाय तो." तो म्हणाला, "शेड्यूल टेंटेटिव्ह असतं ना काका." शेड्यूल म्हणजे कुठल्या महिन्यात किती नग लागतील याचा कंपनीने दिलेला तक्ता, आणि टेंटेटिव्ह म्हणजे कच्चं.

भंगारवाल्याने वजनाचा भाव सांगितला. प्लेटिंगचे, प्रेसच्या फटक्यांचे आणि दोन पोरांच्या ओव्हरटाइमचे पैसे तो देत नाही. त्याची काही चूक नाही. त्याने शेड्यूल दिलं नव्हतं.

ही रड माझ्या एकट्याची असती तर लिहायला बसलो नसतो. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत चहाच्या टपरीवर उभे राहा, अशी पिंपं प्रत्येकाकडे निघतील. आमच्याकडे याला नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. मोटार धंद्याच्या पहिल्या तीस वर्षांत अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये हाच प्रश्न सगळ्या बाजूंनी सोसून आणि बऱ्याच अंशी सोडवून झाला आहे. त्या इतिहासातून मी एकच गोष्ट शिकलो. डिझाइन बदलणं हे ड्रॉइंग बोर्डावरचं काम कमी आणि ऑर्डरच्या वहीतलं जास्त आहे. ज्याने ऑर्डर दिली त्याच्याच खिशाला उरलेल्या मालाची झळ लागत नसेल, तर ते काम कधीच नीट होत नाही.

थोडं मागे जाऊ. मोटारी हातकामाने बनत होत्या तेव्हा हा प्रश्नच नव्हता. फिटर कानस घेऊन उभा असायचा आणि प्रत्येक भाग शेजारच्या भागाला घासून बसवायचा. चार मिलिमीटरचा फरक पडला तर दुपारभर काम वाढायचं, एवढंच. एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन गाड्यांचे भाग एकमेकींना लागत नसत, त्यामुळे भागांचा मोठा साठा करण्यात अर्थही नव्हता. मग १९०८ मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर हेन्री लेलंडच्या कॅडिलॅक कंपनीच्या तीन गाड्या पार सुट्या केल्या गेल्या. सगळे भाग एकमेकांत मिसळले, त्यातले ८९ बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले भाग घेतले, आणि साध्या पान्या-पकडींनी तीन गाड्या परत उभ्या केल्या. त्या ५०० मैल पळाल्या. या कामगिरीबद्दल कॅडिलॅकला मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली आणि जगाने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी, की त्याच दिवशी माझी पिंपंही जन्माला आली. भाग एकसारखा झाला म्हणून तो आगाऊ बनवता येऊ लागला, आगाऊ बनवला म्हणून साठा झाला, आणि साठा झाला म्हणून ड्रॉइंगवरची एक रेघ हलली की आख्खी रास एका क्षणात भंगार होऊ लागली. कानशीच्या जमान्यात नग थोडाफार चुकला तरी चालायचा. आता बरोबर असलेला नगसुद्धा चुकीचा ठरू शकतो.

सुरुवातीची मंडळी हे ओळखून होती. फोर्डचं मॉडेल टी १ ऑक्टोबर १९०८ ला बाजारात आलं. ती गाडी एकोणीस वर्षं बदललीच नाही असं सरसकट सांगितलं जातं, पण ते खरं नाही. पहिल्या साधारण २,५०० गाड्यांच्या इंजिनाला पाण्याचा पंप होता. पुढे तो काढून टाकला आणि तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, गार पाणी खाली उतरतं, एवढ्यावर काम भागवलं. म्हणजे अमुक क्रमांकापर्यंत जुनं, तिथून पुढे नवं. आज आमच्या भाषेत त्याला ब्रेक पॉइंट म्हणतात. नंतरच्या वर्षांत टीमध्ये असे असंख्य छोटे बदल झाले, आणि बरेचसे जुना साठा संपवत संपवत झाले. म्हणून एकाच महिन्यात बनलेल्या दोन टी शेजारी शेजारी लावल्या तर बारीकसारीक भाग वेगळे निघतात, आणि जुन्या गाड्यांचे शौकीन आजही त्यावरून तासन्‌तास वाद घालतात. कुणा स्टोअरकीपरने खोक्यात राहिलेले शेवटचे चाळीस नग वाया जाऊ दिले नाहीत, त्याचा तो वाद.

'जुना माल संपवा, मग नवा लावा' हे वाक्य सोपं वाटतं. ते किती अवघड आहे हे लग्नात शेवटच्या पंगतीला वाढणाऱ्याला विचारा. जिलेबी संपली आणि मठ्ठ्याची दोन पातेली उरली. मठ्ठा संपवायचा तर जिलेबीचा आणखी एक घाणा काढावा लागतो, तो काढला की थोडी जिलेबी उरते. गाडीचं तसंच आहे. समजा जुन्या डिझाइनची डावी दारं ९०० आहेत आणि उजवी ४००. ४०० गाड्या झाल्या की ५०० डावी दारं पोरकी. मग बाद होणारीच उजवी दारं आणखी ५०० मागवायची, की ५०० डावी मोडीत घालायची? शिवाय दार नवं आलं की बिजागरी नवी, बिजागरी नवी की तिचा स्क्रू नवा. ज्या दिवशी सर्वांत कमी असलेला जुना भाग संपतो, त्या दिवशी जुनी गाडी संपते, आणि बाकी हजारो भागांपैकी जेवढे शिल्लक असतील तेवढे अडकतात. तेव्हा बदलाची तारीख ठरली की चार-सहा महिने आधीपासून प्रत्येक भागाची ऑर्डर कमी करत आणायची, इतकी की सगळ्या राशी साधारण एकाच आठवड्यात तळाला लागाव्यात. हे काम डिझायनर करत नाही. कोपऱ्यातल्या टेबलावरचा, कागदांच्या ढिगात बसलेला प्लॅनिंगचा माणूस करतो, आणि कंपनीच्या वार्षिक समारंभात त्याला कोणी शाल देत नाही.

आता पुरवठादाराकडे वळू. १९०३ मध्ये, फोर्ड कंपनी कागदावर यायच्याही आधी, जॉन आणि होरेस या डॉज बंधूंनी ६५० गाड्यांचे इंजिनासकट सांगाडे प्रत्येकी २५० डॉलरला बनवून देण्याचा करार केला. तोवर ते ओल्ड्स या मोटार कंपनीसाठी गिअरबॉक्स बनवत होते. ते चालू काम सोडून, स्वतःचं यंत्रशाळेचं भांडवल घालून, ज्याचे आधीचे उद्योग बसले होते अशा माणसासाठी त्यांनी यंत्रं लावली. याचा मोबदला म्हणून आगाऊ रकमेची बोली झाली, आणि कंपनी उभी राहिल्यावर दोघा भावांना मिळून दहा टक्के शेअर मिळाले. पुढे १९१९ मध्ये फोर्डने ते विकत घेतले तेव्हा त्यांचे अडीच कोटी डॉलर झाले. १९१३ मध्ये डॉज बंधूंनी पुरवठा थांबवण्याची नोटीस दिली, आणि १९१४ मध्ये स्वतःची गाडी रस्त्यावर आणली.

प्रत्येक ब्रॅकेटवाल्याला कंपनीत दहा टक्के द्या, असं मी म्हणत नाही. हसू येईल. पण त्या वेळी जोखमीला किंमत असते हे दोन्ही बाजूंना मान्य होतं, आणि ती किंमत कागदावर लिहिली गेली होती. आज माझ्याकडून जोखीम तेवढीच घेतात, तिची किंमत मात्र 'टेंटेटिव्ह' या एका शब्दात बुडवतात.

जोखीम लिहिलेली नसली की ती उताराला लागलेल्या पाण्यासारखी सर्वांत खालच्या माणसापर्यंत जाते. १९२०च्या मंदीत हे उघड दिसलं. गाड्या खपेनात. फोर्डने डिसेंबरमध्ये कारखाना बंद केला आणि काही आठवड्यांनी परत उघडला तो मुख्यतः साठलेल्या भागांच्या गाड्या बनवण्यासाठी. त्या गाड्या मागणी असो वा नसो, विक्रेत्यांच्या दारात नेऊन उभ्या केल्या. पैसे रोख. नको असेल तर एजन्सी सोडा. गावोगावच्या विक्रेत्यांनी स्थानिक बँकांतून कर्ज काढलं आणि फोर्डला बँकेच्या दारात जावं लागलं नाही. फोर्ड साहेबांनी याच काळात एक फार चांगलं कामही केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. कच्चा माल आत आल्यापासून गाडी बाहेर पडेपर्यंत २२ दिवस लागायचे, ते त्यांनी १४ वर आणले. सहा कोटी डॉलरचा माल पडून असायचा, त्यातले दोन कोटी मोकळे झाले. साठा कमी असला की बदल करणं स्वस्त पडतं, हे त्यांच्या हाती लागलं होतं. फक्त आधी जो साठा होता तो त्यांनी दुसऱ्याच्या अंगणात ढकलला.

जनरल मोटर्सची गत आणखी वाईट होती. विल्यम ड्युरंटच्या हाताखाली प्रत्येक विभागाचा प्रमुख आपापल्या मर्जीने खरेदी करत होता. साठ्याची मर्यादा १५ कोटी डॉलरची ठरवलेली, आणि ऑक्टोबर १९२० अखेर साठा २०.९ कोटींवर गेलेला. वर्ष संपायच्या आत ड्युरंट यांना कंपनी सोडावी लागली. जॉन प्रॅट नावाच्या माणसाला साठा-समितीवर बसवलं. त्याने पहिलं काम केलं ते सर्व विभागांना पत्र धाडण्याचं, की खरेदी बंद आणि वाटेत असलेला मालही थांबवा. मग प्रत्येक पुरवठादाराशी बसून तडजोडी केल्या. त्यात पुरवठादारांचं किती रक्त गेलं याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

पण त्या जखमेतून जनरल मोटर्सने जे घडवलं त्याची मला खरी किंमत वाटते. कंपनीचे नवे कारभारी आल्फ्रेड स्लोन आणि डोनाल्डसन ब्राउन यांनी नियम केला, की प्रत्येक विभागाने दर महिन्याला चालू महिन्याचा आणि पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज द्यायचा, आणि मंजूर अंदाजाला लागेल तेवढाच माल मागवायचा. तरीही १९२४ मध्ये अंदाज फसला. स्लोन स्वतः सेंट लुईस, कॅन्सस सिटी, लॉस एंजेलिस अशी चक्कर मारून आले तर विक्रेत्यांच्या आवारात गाड्यांची गर्दी. मग विक्रेत्यांकडून दर दहा दिवसांनी प्रत्यक्ष विक्रीचे आकडे यायला लागले. कुठल्या गावात किती गाड्या खरोखर घरी गेल्या ते कळू लागलं, आणि त्यावरून ऑर्डरी हलू लागल्या. माझ्यासारख्याला या कोरड्या वाटणाऱ्या नियमात चैन वाटते. कारण अंदाज देणाऱ्याचं नाव त्या कागदावर होतं. चुकला तर कोण चुकला ते वर कळत होतं.

याची परीक्षा १९२७ ते १९२९ या दोन-अडीच वर्षांत झाली.

२६ मे १९२७. हायलंड पार्कच्या कारखान्यातून दीड कोटीवी मॉडेल टी बाहेर पडली. हेन्री फोर्ड आणि मुलगा एडसेल तिच्यात बसून निघाले. टी बंद होणार हे जाहीर झालं. तिच्या जागी कोणती गाडी येणार? तर तिची ड्रॉइंग पूर्ण नव्हती. आराखडा तयार झाल्याचं सांगायला ऑगस्ट उजाडला. पहिली मॉडेल ए ऑक्टोबरमध्ये बनली आणि लोकांसमोर आली २ डिसेंबरला. तिच्यात साडेपाच हजारांहून अधिक भाग, आणि जवळजवळ सगळे नवे. टीची यंत्रं एकेका कामासाठीच बनवलेली होती, इंजिनाचा ठोकळा बदलला तर यंत्रच बदलायचं. त्यातच शेवटची जोडणी हायलंड पार्कमधून रिव्हर रूजच्या कारखान्यात हलवायचं काढलं. एका वेळी गाडी नवी, यंत्रं नवी आणि घरही नवं. आमच्या आजीच्या भाषेत, एकाच मुहूर्तावर लग्न, मुंज आणि वास्तुशांत.

सहा महिने फोर्डकडे विकायला नवी गाडी नव्हती. विक्रेते दुसऱ्या कंपन्यांकडे निघून गेले. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही जनरल मोटर्सच्या शेव्हरोलेने फोर्डला मागे टाकलं. डेट्रॉइटमध्ये हजारो कामगार घरी बसले आणि शहराच्या मदतखात्यावर ताण आला. बाहेरून भाग देणाऱ्यांनी कोणत्या ड्रॉइंगवर पत्रा कापायचा?

राइनहोल्ड नीबूर हे पुढे मोठे धर्मचिंतक म्हणून गाजले. तेव्हा ते डेट्रॉइटमधल्या बेथेल चर्चचे पाद्री होते. नवी गाडी आल्यावर त्यांनी आपल्या डायरीत एक साधं गणित मांडलं आहे. या गाडीसाठी फोर्डला सुमारे दहा कोटी डॉलर खर्च आला, असं सगळीकडे सांगितलं जात होतं. नीबूरांनी उलटा हिशेब केला, की कामगारांची त्या वर्षात बुडालेली मजुरी किमान पाच कोटी डॉलर भरते. ते कोणी छापत नव्हतं. डिझाइन-बदलाचा हा दुसरा ताळेबंद. त्यात तिसरा रकाना पुरवठादारांचा असायला हवा होता, पण पाद्रीबाबांच्या चर्चमध्ये बहुधा माझ्यासारखे छोटे शेडवाले कमी येत असावेत.

मॉडेल ए गाडी उत्तम होती, याबद्दल वाद नाही. पण घाईने आली होती. पायाचा ब्रेक आणि हाताचा ब्रेक वेगवेगळे हवेत असा काही राज्यांचा आग्रह होता, म्हणून १९२८च्या सुरुवातीलाच ब्रेकची रचना बदलावी लागली. डावीकडचा हातब्रेक मध्ये आला. क्लचही पुढे बदलला. आणि इथे एक बारीक गोष्ट मला फार आवडते. त्या सुरुवातीच्या घडणीच्या भागांच्या क्रमांकांमागे फोर्डच्या भाग-यादीत 'एआर' अशी अक्षरं चिकटलेली दिसतात. नुकतीच विकलेली गाडी जुनी झाली, पण तिच्या मालकाला भाग तर लागणार. तेव्हा जुन्याला जुनं म्हणून ओळख द्यायची आणि वेगळ्या खोक्यात ठेवायचं. टीच्या बाबतीतही तेच झालं. तिची इंजिनं बदलीसाठी म्हणून १९४१ पर्यंत बनत राहिली. बदललेल्या डिझाइनचा भाग लगेच मरत नाही, दुरुस्तीच्या बाजारात तो वर्षानुवर्षं जगतो. पण त्या बाजाराची किल्ली गाडीवाल्या कंपनीच्या कमरेला असते. पत्र्याला आकार देणारी डाय तिची, भाग क्रमांक तिचा, खोक्यावरचं नाव तिचं. माझे साडेसहा हजार ब्रॅकेट मी रस्त्यावर विकायला बसलो तर मलाच नोटीस येईल.

आता शेव्हरोले बघा. तिचा प्रमुख विल्यम नूडसन हा माणूस फोर्डकडून १९२१ मध्ये बाहेर पडलेला. चार सिलिंडरच्या गाडीवरून सहा सिलिंडरवर जायचं ठरलं. त्याने काय केलं? १९२८च्या गाडीची चाकांमधली लांबी आधीच चार इंचांनी वाढवून घेतली. इंजिन जुनंच, चार सिलिंडरचं. पण पुढे येणाऱ्या लांब इंजिनाला जागा झाली. ग्राहकाला वाटलं गाडी ऐसपैस झाली. प्रत्यक्षात सांगाड्याचा बदल एक वर्ष अगोदर उरकून घेतला होता. म्हणजे सगळे भाग एकाच दिवशी जुने होणार नव्हते. दुसरीकडे सॅगिनॉला नव्या इंजिनाचं प्रायोगिक उत्पादन सुरू करून यंत्रांच्या खोड्या आधीच काढल्या. यंत्रंही शक्य तिथे सर्वसाधारण कामाची घेतली, म्हणजे भाग धरून ठेवणारं जिग-फिक्स्चर बदललं की दुसरं काम करता येतं. १९२८च्या अखेरीस प्रत्यक्ष पालट झाला तेव्हा कारखाना जेमतेम तीन आठवडे बंद राहिला. फोर्डचे सहा महिने आणि शेव्हरोलेचे तीन आठवडे.

नूडसन फोर्डपेक्षा मोठा अभियंता होता असं कोणी म्हणणार नाही. फरक घरच्या शिस्तीचा होता. तिथे साठ्याला आणि ऑर्डरला कोणीतरी जबाबदार होतं. जनरल मोटर्सने ही अक्कल फुकट मिळवली नव्हती. १९२३ मध्ये कंपनीचा संशोधक चार्ल्स केटरिंग याच्या तांब्याच्या पात्यांनी हवेवर गार होणाऱ्या इंजिनाची शेव्हरोले काढली होती. ७५९ बनल्या, ग्राहकांच्या हाती साधारण शंभर पोचल्या, आणि इंजिन तापू लागल्यावर सगळ्या परत मागवाव्या लागल्या. कंपनी वाचली, कारण स्लोन यांनी हट्टाने पाण्यावर गार होणाऱ्या जुन्या गाडीचं उत्पादन चालू ठेवलं होतं. नवं उभं राहिल्याशिवाय जुन्याची ऑर्डर मोडायची नाही, हा धडा तिथला.

या सगळ्याचा आपल्याशी धागा जुना आहे. फोर्डने १९२६ मध्ये मुंबईत बस्तान मांडलं आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केली. नेमकी तेव्हाच, तिकडे शेव्हरोले चारवरून सहा सिलिंडरवर जात होती. भाग खोक्यांतून बोटीने यायचे. तिकडच्या लाइनवर आज झालेला बदल इकडच्या गोदीत उतरायला किती आठवडे लागत असतील याचा विचार केला की मला त्या शिवडीच्या स्टोअरकीपरला भेटावंसं वाटतं. पुढे सरकारच्या टॅरिफ कमिशनने भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या जोडणीवाल्यांचा रस्ता बंद केला, आणि १९५४ पर्यंत दोघेही गेले. मग आपण डिझाइन-बदलाच्या प्रश्नावर अस्सल देशी तोडगा काढला. डिझाइन बदलायचंच नाही. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट, तिचीच पुढे पद्मिनी, दशकानुदशकं तशीच राहिली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. पुरवठादारांना सुख होतं, माझ्या वडिलांना तर फारच. एक डाय आयुष्यभर पुरायची. गिऱ्हाईक मात्र गाडीसाठी वर्षानुवर्षं रांगेत उभं असायचं. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही.

बदल हवाच. प्रश्न त्याच्या खर्चाचा आहे. २०१७ मध्ये २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ या धुराच्या जुन्या मानकाच्या गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली तेव्हा कंपन्या आणि विक्रेते यांच्याकडे मिळून आठ लाखांवर गाड्या पडून होत्या. दोन दिवस दुचाकींच्या शोरूमबाहेर सवलतीसाठी रांगा लागल्या. नव्या मानकाची तारीख सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती. म्हणजे प्लॅनिंगच्या टेबलाला ठाऊक होती, पण त्या टेबलाचं कोणी ऐकलं नाही, कारण चूक झाली तर तिची किंमत दुसरा भरेल अशी सवय होती. तयार गाड्यांच्या बातम्या आल्या. त्यांच्या मागे शेडांमध्ये किती सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरचे भाग पडून राहिले ते पेपरात आलं नाही. आता विजेच्या गाड्या येताहेत. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांच्या गावात हा टी ते ए पेक्षा मोठा पालट आहे.

कायदा काय म्हणतो? २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने आम्हाला पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क दिला, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. चांगलं आहे. पण त्या कायद्याचं घड्याळ माल स्वीकारला की सुरू होतं. जो माल गेटच्या आतच येऊ दिला नाही त्याचं घड्याळ सुरूच होत नाही. कराराच्या कायद्याखाली नुकसानभरपाईचा दावा लावता येतो, हे मला वकिलाने सांगितलं. मी त्याला विचारलं, माझा ऐंशी टक्के धंदा ज्याच्याकडे आहे त्याच्यावर दावा लावल्यानंतर संध्याकाळी मी जेवू काय?

म्हणून माझं मागणं सरळ आहे. शेड्यूलमध्ये पहिला महिना पक्का धरा, आणि त्या महिन्याचा तयार माल डिझाइन बदललं तरी कंपनीने उचलायचा किंवा त्याचे पैसे द्यायचे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यासाठी घेतलेल्या कच्च्या मालाची किंमत द्यायची, तयार मालाची नाही. त्यापुढचं सगळं माझ्या जोखमीवर. हे पर्चेस ऑर्डरमध्ये छापलेलं असावं, आणि पंचेचाळीस दिवसांच्या नियमात 'शेड्यूलवर बनवलेला, पण बदलामुळे नाकारलेला माल' हा शब्दप्रयोग यावा. काही परदेशी कंपन्यांच्या करारात असं कलम असतं, म्हणजे अशक्य काहीच नाही.

कंपन्यांचं यावर म्हणणं मी ऐकलेलं आहे, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. ते म्हणतात, "तुम्ही लोक एकदा डाय चढवली की तीन महिन्यांचा माल काढून ठेवता, सेटिंग वाचवायला." खरं आहे. मीही काढतो. प्रेसवर डाय बसवून पहिला नग मंजूर करून घ्यायला दोन तास जातात, मग आठवड्याला हजार नग काढण्यापेक्षा एका दमात काढलेले परवडतात. तो माझा हिशेब, त्याचा खर्च माझा, म्हणूनच वर एक महिन्याची रेघ मारली. दुसरा आक्षेप असा, की प्रत्येक बदलाला खर्च लागला तर कंपन्या सुधारणाच करणार नाहीत, सुरक्षेचे बदलही रखडतील. सुरक्षेचा बदल असेल तर जुना माल त्याच क्षणी थांबलाच पाहिजे, ब्रेकच्या भागात साठा संपेपर्यंत वाट बघणारा माणूस गुन्हेगार आहे. पण थांबवायचा हक्क आणि पैसे बुडवायचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. आणि माझ्या ब्रॅकेटमधला चार मिलिमीटरचा फरक सुरक्षेसाठी नव्हता. वायरिंगचा एक क्लिप स्वस्तात बसावा म्हणून होता. त्या क्लिपमध्ये वाचलेले पैसे कंपनीच्या खर्च-कपातीच्या तक्त्यात कोणाच्या तरी नावावर चढले असतील. माझी दोन पिंपं त्या तक्त्यात कुठेच नाहीत. ती असती, तर कुणीतरी विचारलं असतं की पंधरा दिवस थांबून सगळे नग संपवून बदल केला तर काय बिघडतं?

मागच्या महिन्यात त्याच कंपनीला नव्या भागाचं कोटेशन दिलं. शेवटी मी स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली, की पहिल्या महिन्याच्या शेड्यूलचा माल डिझाइन बदलल्यास कंपनी उचलेल. आठ दिवसांनी कागद मंजूर होऊन परत आला. दर मंजूर, डायचा खर्च मंजूर, पॅकिंगसुद्धा मंजूर. त्या एका ओळीवर आडवी रेघ, आणि बाजूला निळ्या शाईत छोटी सही. काम मी घेतलं.